प्लॅनला खाडा नसतो: नेरुळच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, डिस्नेच्या जेवणाच्या प्लॅनवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाईप करायला घेतलं होतं, पण अर्ध्यावर थांबले. पहिल्यांदा वाचताना मला त्यातलं एकच वाक्य दिसत होतं, "एवढा पैशापैशाचा हिशोब करायचा तर माणसाने घरीच बसावं", आणि ते लागलं मला. काल दुपारी परत सावकाश वाचली तेव्हा लक्षात आलं की तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी म्हणताय, त्यातली एक शंभर टक्के बरोबर आहे, एका बाबतीत मी चुकलेय आणि बाकी दोनवर मला भांडायचंय. म्हणून उत्तराला उशीर झाला आणि म्हणूनच ते एवढं मोठं झालंय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २०२४ मध्ये आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, सासूबाई, ११ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी, फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला पाच रात्री राहिलो होतो आणि तिथला प्रीपेड डायनिंग प्लॅन (जेवणाचे पैसे आधीच भरायचे आणि त्याबदल्यात ठराविक जेवणांचे क्रेडिट, म्हणजे कूपनसारखं काहीतरी, मिळतात) घेतला नव्हता. त्यावर मी लिहिलं होतं की आपल्याकडच्या कुटुंबांनी हा प्लॅन घेऊच नये, पैसे वाया जातात. ताईंचं म्हणणं असं की (१) न वापरलेलं क्रेडिट त्याच दिवशी फुकट जातं हे मी चुकीचं लिहिलंय, (२) त्या स्वतः शाकाहारी असून त्यांचं काही अडलं नाही, मी नीट माहिती काढली नसणार, (३) त्यांच्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा किंमत न बघता जेवल्या आणि हे सुख माझ्या हिशोबात कुठेच धरलेलं नाही, (४) हॉटेलच्या खोलीत बसून दशम्या खाणं याला सुट्टी म्हणत नाहीत.

आधी चुकीचं. ताई, तुम्ही बरोबर आहात. क्रेडिट रोजच्या रोज संपत नाहीत. जितक्या रात्री राहणार तितक्या रात्रींचे सगळे क्रेडिट खोलीच्या नावावर एकत्र येतात आणि चेक-आऊटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कधीही वापरता येतात, एके दिवशी तीन वेळा जेवा, दुसऱ्या दिवशी एकदाच. आम्हाला बुकिंगच्या वेळी एजंटने (नाव लिहीत नाही) सांगितलं होतं की "रोजचं रोज संपवायचं, आणि सगळं जेवण इन्क्लुडेड", आणि ही दोन्ही वाक्यं चुकीची निघाली, कारण सगळं जेवणही त्यात नसतं. पहिलं वाक्य मी न तपासता पोस्टमध्ये लिहून टाकलं. ते मी आज बदलतेय आणि बदललंय असं तिथे स्पष्ट लिहितेय. चुकीच्या माहितीवर कुणी निर्णय घेतला असेल तर मनापासून सॉरी.

पण ही चूक दुरुस्त केली तरी माझा मूळ मुद्दा तिथेच राहतो. माझे बाबा लग्नाआधी नोकरीसाठी ठाण्यात आले तेव्हा नौपाड्यात एका खाणावळीत जेवायचे. महिन्याचे पैसे आधीच भरायचे, हाही प्रीपेड प्लॅनच की. पण तिथे खाडा असायचा. शनिवार-रविवार गावाला जायचंय, आदल्या दिवशी सांगितलं की मावशी वहीत खाडा मांडायच्या आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वळते व्हायचे. डिस्नेच्या प्लॅनला खाडा नाही. पोट बिघडलं, उन्हाने जेवण नको झालं, मुलं पॉपकॉर्न खाऊन झोपली, आजी म्हणाली आज फक्त ताक हवं होतं, यातलं काहीही झालं तरी पैसे गेलेले असतात आणि उरलेले क्रेडिट परत मिळत नाहीत. म्हणून मग शेवटच्या दिवशी लोक दुकानात उभे राहून उरलेल्या स्नॅक क्रेडिटवर पॅकबंद कुकीज आणि गोळ्या घेत असतात. ते मला बघवलं नाही. भूक नसताना वसूल करण्यासाठी घेतलेलं खाणं हे माझ्या मते स्वस्त नसतंच, ते कितीला पडलं हा प्रश्नच नाही.

आता आकडे. हे २०२४ चे आहेत, कारण मी तेव्हा गेले होते. हा प्लॅन करोनात बंद झाला होता तो ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाला, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. दोन प्रकार. क्विक सर्व्हिसवाल्यात एका रात्रीमागे दोन काउंटरवरची जेवणं, एक स्नॅक आणि हॉटेलमध्ये परत परत भरता येणारा मग, मोठ्यांना ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वयाच्या मुलांना २३.८३ डॉलर. दुसऱ्यात एक बसून जेवण, एक काउंटरवरचं, एक स्नॅक आणि तोच मग, मोठ्यांना ९४.२८ आणि मुलांना २९.६९ डॉलर. आता यात दोन अटी आहेत ज्या आपल्याकडच्या कुटुंबाला नडतात. एक म्हणजे खोलीतल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाने घ्यायचाच, म्हणजे आई (माझ्या सासूबाई) कमी जेवतात तर त्यांना वगळून चौघांचा घेऊ असं चालत नाही. आणि दुसरं म्हणजे दहा वर्षं पूर्ण झाली की मूल "मोठं" धरतात. माझा अकरा वर्षांचा मुलगा, जो घरी वरणभात आणि बटाट्याची भाजी याच्या पलीकडे जात नाही, त्याचेही रोजचे ५७ डॉलर.

म्हणजे आमचे चार मोठे आणि एक लहान मिळून रात्रीला २५१.८७, पाच रात्रींचे १२५९.३५ डॉलर. डॉलर साडेत्र्याऐंशीचा धरला तर १ लाख ५ हजार रुपये. दुसरा प्लॅन २०३४ डॉलर, म्हणजे १ लाख ७० हजारांच्या आसपास. आणि बसून जेवायच्या ठिकाणी टिप वेगळी, ती प्लॅनमध्ये नाही. तिकडे १८ ते २० टक्के टिप द्यायचीच असते आणि ती पूर्ण बिलावर, तुम्ही क्रेडिटने दिलं असलं तरी. पाच जणांचं बिल २२० डॉलर धरा, टिपच ४० डॉलर. पाच संध्याकाळी असं जेवलात तर सोळा-सतरा हजार रुपये फक्त टिपेचे. हे एजंटच्या कागदावर कुठेच नसतं.

आता आम्ही प्रत्यक्षात किती खर्च केला ते. सगळी बिलं एका पाकिटात ठेवलेली आहेत, परवा परत बेरीज केली: ९८४ डॉलर. यात मुलीसाठी केलेला एक कॅरेक्टर ब्रेकफास्ट आहे (मिकीबरोबरचा, पाच जणांचे टिप धरून तीनशेच्या घरात गेले आणि मला त्यातल्या एकाही डॉलरचं वाईट वाटत नाही), एक बसून केलेलं जेवण आहे, टिप सगळी त्यात आली. म्हणजे साध्या क्विक सर्व्हिस प्लॅनपेक्षाही २७५ डॉलर कमी, तेवीस हजार रुपये. आणि त्या साध्या प्लॅनमध्ये कॅरेक्टर ब्रेकफास्ट बसलाच नसता, तो वरून भरावा लागला असता.

हे का झालं ते सांगते, कारण मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे आणि ती मी आधीच्या पोस्टमध्ये नीट मांडली नव्हती. ५७ डॉलरमधून स्नॅकचे सातेक काढा, मगचे दिवसाला चार-पाच काढा, राहिले ४५-४६. दोन जेवणं. म्हणजे प्रत्येक जेवण २३ डॉलरचं झालं तर बरोबरी. तिथल्या अॅनिमल किंगडम पार्कमध्ये सातुली कँटीन म्हणून आहे तिथे भात, टोफू आणि भाज्यांचा बोल (वाडगा) मिळतो, चांगला असतो, तेव्हा १४-१५ डॉलरला होता. त्यावर टॅक्स. आणि पाणी फुकट! कुठल्याही काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी कप भरून देतात, पैसे नाहीत. आम्ही सगळे पाणी पिणारे. म्हणजे आमचं जेवण सोळाच्या आत. प्लॅन घेतला असता तर दर जेवणाला माणशी सात डॉलर आम्ही न प्यायलेल्या कोल्ड्रिंकचे आणि न घेतलेल्या बिअरचे भरले असते. हो, बिअर, कारण २१ वर्षांवरच्या माणसाला जेवणाबरोबरचं पेय म्हणून दारूही त्यात चालते आणि प्लॅन वसूल होतो तो मुख्यतः तिथेच. ज्या घरात दोघं-तिघं जेवणाबरोबर बिअर किंवा कॉकटेल घेतात त्यांच्यासाठी हा प्लॅन खरंच चांगला आहे, आणि आमच्या घरात कुणीच घेत नाही.

नेटवर जे हिशोब फिरतात ना, "बघा ५७ डॉलरमध्ये आम्ही ८० डॉलरचं खाल्लं", ते सगळे मेनूतला महागातला महाग पदार्थ धरून केलेले असतात. तुलना त्याच्याशी करायचीच नाही. तुलना करायची ती प्लॅन नसता तर तुमच्या घरातल्या या या नावाच्या माणसाने त्या दिवशी काय मागवलं असतं त्याच्याशी. आई: अर्धा बोल. मुलगा: मॅकरोनी चीज आणि फ्राइज, तेही अर्धं टाकणार. मुलगी: माझ्या ताटातलं. घरातल्या एकेका माणसाचं असं लिहून काढा आणि मग बेरीज करा. माझं एवढंच म्हणणं आहे ताई, याला तुम्ही पैशापैशाचा हिशोब म्हणा, पण जी बाई घरी पाच जणांचा कुकर लावते तिला कोण किती खातं हे माहीतच असतं, तिला वेगळी मेहनत पडत नाही.

आता तुमच्या सासूबाई.

हा मुद्दा वाचून मी खरंच गप्प झाले, कारण आमच्याकडेही अगदी हेच घडलं होतं आणि ते मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. आमच्या आई ७१ वर्षांच्या आहेत. राम मारुती रोडवर कुठेही गेलो तरी मेनूकार्ड उजवीकडून वाचतात, आधी आकडा आणि मग पदार्थ. तिथे तर प्रत्येक गोष्टीला मनातल्या मनात ८४ ने गुणायच्या. दोन डॉलरचं केळं बघून म्हणाल्या, एवढ्यात तलावपाळीला दोन डझन येतील. पहिले दोन दिवस त्या "मला भूक नाही" म्हणून फक्त फ्राइज किंवा सूप घेत होत्या आणि मी मूर्खासारखी खरं मानत होते, उन्हामुळे असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसची वाट बघत असताना त्यांना घेरी आल्यासारखं झालं. नशिबाने पर्समध्ये राजगिऱ्याची वडी होती. त्या रात्री मी झोपले नाही फारशी. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की घ्यायला हवा होता प्लॅन.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या हातात फॉरेक्स कार्ड दिलं. आम्ही ठाण्यातच त्यात हजार डॉलर भरून घेतले होते, खाण्यासाठी म्हणून, वेगळे. त्यांना सांगितलं, आई हे पैसे रुपयात घरीच भरून झालेत, आता ते खर्च झाले तरी आणि नाही झाले तरी गेलेत, उलट परत नेले तर कमी भावाने घेतात (हे खरंच आहे, उरलेलं चलन परत देताना दर कमीच मिळतो). कार्ड तुमच्याकडे, आज जेवणाचं तुम्ही बघायचं. आणि त्या दिवसापासून गुणाकार थांबला. स्वतः पुढे होऊन मुलांना विचारायच्या, काय हवंय रे. साना म्हणून एक रेस्टॉरंट आहे तिथल्या अॅनिमल किंगडम लॉज हॉटेलमध्ये, खिडकीतून जिराफ दिसतात, तिथे नान-बिन आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या-रायती असं एक मोठं ताट मिळतं. आईंनी ते मागवलं, सगळ्या चटण्या चाखल्या आणि कुठली कशाची आहे ते ओळखत बसल्या अर्धा तास. एक गंमत सांगते, ते ताट तिथे स्टार्टरमध्ये येतं, आणि प्लॅनमध्ये मेन डिश, गोड आणि पेय मिळतं, स्टार्टर नाही. म्हणजे अख्ख्या ट्रिपमध्ये आईंना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट प्लॅनच्या बाहेरची होती.

तर ताई, तुमचं बरोबर आहे की आधी पैसे भरून टाकण्यात एक सुख आहे, आणि घरातल्या मोठ्या माणसांसाठी ते फार मोठं आहे, ते मी हिशोबात धरायलाच हवं होतं. माझं म्हणणं इतकंच की ते सुख "आधी भरलेत" यातून येतं, आणि ते आपल्याला फॉरेक्स कार्डवर पण मिळतं. आमच्या कार्डात शेवटी सोळा डॉलर उरले होते, ते कमी भावाने का होईना, परत आले. म्हणजे त्याला खाडा आहे.

शाकाहाराचं. इथे मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. "शाकाहारी माणसाचे हाल होतात" असं मी लिहिलं होतं ते जास्तच झालं, हाल होत नाहीत. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मांस नसलेला एखादा पदार्थ असतो आणि सांगितलं की नीट ऐकून घेतात, अॅलर्जी वगैरेबद्दल तर फारच काळजीपूर्वक. पण एखादाच असतो. आणि तो बहुतेक वेळा मेनूतला स्वस्तातला पदार्थ असतो, तर क्रेडिट मात्र तेवढंच जातं, शेजारच्या माणसाने स्टेक घेतला तरी एक आणि आपण भात-टोफू घेतला तरी एकच. तुमचं अडलं नाही हे मी मानते, पण तुम्ही पोटभर जेवलात म्हणजे प्लॅनचे पैसे वसूल झाले असं होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही बिलं ठेवली नसणार, कारण प्लॅनमध्ये बघायची गरजच पडत नाही. पण तुमच्या घरातलं कोण काय आणि किती जेवलं हे आठवून एकदा लिहून बघा ना. माझा आकडा चुकत असेल तर मला खरंच कळायला हवंय.

आणि दशम्या. इथे मात्र मी माघार घेणार नाही. डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःच्या घरचं खाणं नेता येतं, काचेची बाटली आणि दारू नको, बाकी चालतं, गेटवर पिशवी बघतात आणि सोडतात. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, भाजके पोहे, गुळाच्या पोळ्या एवढं आईंनी ठाण्याहून बांधून दिलं होतं, नाही, चुकले, स्वतः बांधून आणलं होतं, त्यासाठी निघायच्या आधी दोन दिवस त्या ओट्याजवळच होत्या. सकाळी खोलीत दशमी आणि चहा घेऊन निघायचो म्हणून गेट उघडताना आम्ही तिथे हजर असायचो, आणि पहिल्या दोन तासांत जितक्या राइड होतात तितक्या दुपारभर रांगेत उभं राहून होत नाहीत. रात्री आतषबाजीसाठी तासभर आधी जागा धरून बसावं लागतं, तेव्हा मुलं गुळाची पोळी खात होती आणि शेजारच्या अमेरिकन आजीने विचारलं हे काय आहे, तर आईंनी तिला अर्धी दिली. तुम्ही याला सुट्टी म्हणत नसाल तर ठीक आहे, पण मला त्या संध्याकाळच्या बदल्यात कुठल्याही रेस्टॉरंटचं टेबल नकोय. आणि टेबलाचं म्हणाल तर ते साठ दिवस आधी बुक करायचं, त्या वेळेला धावत पोचायचं, दीड तास बसायचं. पाच रात्री पाच टेबलं म्हणजे सात-साडेसात तास पार्कचे गेले, ज्याचं तिकीट वेगळं भरलेलं असतं.

घेऊच नये हे मात्र मी मागे घेते. ज्यांची मुलं सगळी ३ ते ९ वयातली आहेत आणि ज्यांना तीन-चार कॅरेक्टर जेवणं करायचीच आहेत त्यांनी नक्की विचार करा, कारण अशा एका जेवणालाच लहान मुलाचे चाळीसच्या आसपास डॉलर लागतात आणि पूर्ण दिवसाचा मुलांचा मोठा प्लॅनच तीसच्या आत होता. शिवाय २०२६ साठी त्यांनी मोठ्यांनी प्लॅन घेतला तर ३ ते ९ च्या मुलांना तो फुकट केलाय. मोठ्यांचा दर दरम्यान वाढलाय, साधा प्लॅनच साठ डॉलरच्या वर गेला, त्यामुळे माझे जुने आकडे जसेच्या तसे धरू नका, पण दोन मोठे आणि दोन लहान मुलं असं घर असेल तर गणित पूर्ण उलटतं. फक्त खास रेस्टॉरंटना एका जेवणाचे दोन क्रेडिट जातात, ते आधी बघून ठेवा.

खाली दोघा-तिघांनी इमॅजिकाचं विचारलंय, ठाण्याहून एक दिवस जाऊन यायचंय, जेवणासकट तिकीट घ्यावं का. खोपोलीला गोष्ट वेगळी आहे. तिथे बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणजे दशम्यांचा पर्याय बादच, खायचं तर आतच खायचं. एकच दिवस असतो, दुपारचं एक जेवण तर सगळे जेवणारच, खाडा पडायचा प्रश्न नाही. तिथे जेवण धरलेलं पॅकेज मला योग्य वाटतं, फक्त लहान मुलासाठी पूर्ण थाळी लागते का तेवढं बुक करताना बघा. सकाळी घरून पोटभर पोहे खाऊन निघा, म्हणजे आत गेल्या गेल्या खाण्यामागे लागावं लागत नाही.

ताई, पोस्ट मी आज रात्री दुरुस्त करतेय: क्रेडिटचं वाक्य, शाकाहाराचं वाक्य आणि "घेऊच नये" हे शब्द, तिन्ही जातील आणि फॉरेक्स कार्डाचा किस्सा आत येईल, तुमच्या कमेंटमुळे लिहिलाय असं सांगून. आणि तुमच्या सासूबाईंनी किंमत न बघता काय काय मागवलं ते नक्की लिहा. आमच्या आईंनी काल दोनदा विचारलं.